पाहुणे पक्षी आणि गोचीड : एका आरोपाचा इतिहास

रोग कोठून आला, हा प्रश्न माणूस फार पूर्वीपासून विचारीत आला आहे आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : बाहेरून. पटकी आणि प्लेग यांच्या काळात गावाच्या वेशीवर परक्याला अडविण्यात आले. परका माणूस सापडला नाही, की दृष्टी आकाशाकडे वळते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांच्या रोगाची साथ आली, तेव्हा स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांकडे बोट दाखविणारे पुष्कळ होते. पक्षी सीमा मानीत नाही आणि आपली बाजूही मांडू शकत नाही. त्यामुळे आरोपी म्हणून तो सोयीचा ठरतो.

या अंकात आम्ही अशाच एका जुन्या आरोपाची हकीकत मांडणार आहोत. रानपक्षी अंगावर गोचीड घेऊन येतात आणि त्या गोचिडांबरोबर रोगही येतो, असा तो आरोप आहे. त्यात तथ्य किती आणि भीती किती, हे पुण्याच्या प्रयोगशाळेत आणि शिमोग्याच्या रानात अनेक वर्षे तपासले गेले. ती हकीकत किरनापूरच्या वाचकांनी का वाचावी, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या भूमीतच आहे. वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या परिसरातील आपला मुलूख धानाचा, तलाव-बोड्यांचा आणि रानाचा. बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग आजही वनाखाली आहे. हिवाळा लागला, की आपल्या तलावांवर उत्तरेकडील बदके उतरतात, बांधांवर परीट पक्षी शेपटी हलवीत फिरू लागतात; आणि त्याच दिवसांत आपली गुरे रानात चरून संध्याकाळी गोठ्यात परततात. पाहुणा पक्षी, रान, गुरे आणि माणसाची वस्ती ही चौकडी जेथे एकत्र येते, तेथेच ही कथा घडली.

प्रथम गोचिडाची ओळख करून घेऊ. आपल्या भागात हिंदीच्या संगतीने त्याला किलनीही म्हणतात. हा कीटक नव्हे. कोळी आणि विंचू यांच्या कुळातला हा जीव आहे. अंड्यातून निघते ते सहा पायांचे, मोहरीहूनही बारीक पिल्लू. ते कोणा प्राण्याचे अथवा पक्ष्याचे रक्त पिते, गळून पडते, कात टाकते आणि आठ पायांचे अर्धवाढीचे गोचीड होते. तेही पुन्हा एखाद्या प्राण्याचे रक्त पिऊन गळते आणि मग पूर्ण वाढीला पोहोचते. पूर्ण वाढीची मादी रक्त पिऊन टम्म फुगते, जमिनीवर हजारो अंडी घालते आणि मरते. रानातील पुष्कळशा गोचिडांना आयुष्यात असे तीन वेगवेगळे आश्रयदाते लागतात. पहिल्या दोन अवस्था उंदीर, चिचुंद्री, माकड, जमिनीवर चरणारे पक्षी अशांवर जातात. तिसरी बहुधा मोठ्या जनावरावर. एका आश्रयदात्याच्या रक्तातून घेतलेला विषाणू दुसऱ्याच्या रक्तात सोडण्याची सोय निसर्गाने या क्रमातच करून ठेवली आहे.

आता १९५७ साल. मार्च महिन्यात तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सागर आणि सोरब तालुक्यांच्या रानात वानरे आणि माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ रानात जाणाऱ्या माणसांना तीव्र ताप, अंगदुखी आणि रक्तस्राव होऊ लागला. माकडे मरतात आणि माणसेही तापतात, हे ऐकताच तज्ज्ञांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील हा रोग भारतात कधीच नव्हता. तो आला असता तर अनर्थ झाला असता. पुण्याला १९५२ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेच पुढे १९७८ साली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी तातडीने शिमोग्यास गेले. विषाणू हाती लागला. तो पीतज्वराचा नव्हता. ज्या रानातील माकडातून तो मिळाला, त्या क्यासनूर रानाचे नाव रोगाला पडले. कन्नड लोक त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात. मराठीत ‘माकडताप’ हा शब्द रूढ झाला. त्या पहिल्या वर्षी साडेचारशेहून अधिक माणसांना हा ताप आला.

पीतज्वराची धास्ती ओसरली, पण नवे कोडे उभे राहिले. हा विषाणू ज्यांच्या कुळातला निघाला, ते त्याचे भाऊबंद हजारो मैलांवर, रशियात होते. तेथील वसंत-ग्रीष्मात येणारा मेंदूज्वर गोचिडांतून पसरतो, हे १९३७ साली लेव्ह झिल्बर यांच्या मोहिमेने अतिपूर्वेच्या अरण्यात शोधून काढले होते. ओम्स्कचा रक्तस्रावी तापही त्याच घराण्यातला. सैबेरियाच्या विषाणूचा सख्खा नातलग सह्याद्रीच्या कुशीत कसा आला? दोन्ही ठिकाणी दरवर्षी ये-जा करणारा प्रवासी एकच दिसत होता : स्थलांतर करणारा पक्षी. त्याच्या पिसांत दडून गोचीड आले असावे आणि गोचिडाच्या पोटात विषाणू, असा तर्क पुढे आला. तर्क सुबक होता. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे, याची जाणीव त्या शास्त्रज्ञांना होती. पुरावा गोळा करायचा तर कोणता पक्षी कोठून कोठे जातो, हे आधी कळायला हवे होते.

येथे या कथेला आपल्याला जवळचा वाटावा असा एक धागा येऊन मिळतो. पक्ष्याच्या पायात क्रमांकाची कडी घालून त्याचा प्रवास शोधण्याचे काम भारतात १९२६-२७ च्या सुमारास सुरू झाले, ते धार संस्थानात. माळव्यातील या मराठी संस्थानाच्या पवार महाराजांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कड्या बदकांच्या पायांत घालविल्या. कडीवर सोसायटीचे नाव असे. ज्याला असे बदक सापडेल त्याने मुंबईला कळवावे, अशी योजना होती. मध्य भारतातील तलावांवर हिवाळा काढणारी बदके मध्य आशियात आणि सैबेरियात उन्हाळा घालवितात, ही गोष्ट अशाच कड्यांमुळे अनुमानातून निश्चित ज्ञानात आली. शिकारीच्या हौसेच्या त्या युगात एका संस्थानिकाने पक्षी पकडून सोडून देण्यास हातभार लावावा, याचे अप्रूप आजही वाटते.

माकडतापाच्या निमित्ताने या कामाला नवे बळ मिळाले. डॉ. सालीम अली यांच्या नेतृत्वाखाली सोसायटीने १९५९-६० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्षी पकडून कड्या घालण्याचा आणि त्यांच्या अंगावरील परजीवी गोळा करण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. कच्छ, भरतपूर, तमिळनाडूच्या टोकावरील पॉइंट कॅलिमिअर अशा ठिकाणी शिबिरे भरली. पुढे अमेरिकन लष्कराच्या पैशाने चाललेल्या एका आशियाव्यापी पक्षी-सर्वेक्षणाशी हे काम जोडले गेले. एलियट मॅक्ल्यूर यांनी चालविलेल्या त्या सर्वेक्षणात १९६३ ते १९७१ या काळात आशियाभर दहा लाखांहून अधिक पक्ष्यांच्या पायांत कड्या पडल्या. भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी आपल्याला आज जे ज्ञान आहे, त्याचा मोठा हिस्सा या वर्षांतला आहे.

पण पैसा लष्कराचा होता, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९७४ साली परदेशी सहकार्याने चाललेल्या काही संशोधन प्रकल्पांविषयी वृत्तपत्रांतून प्रश्न उपस्थित झाले. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ साली आपल्या १६७व्या अहवालात त्यांची झडती घेतली. त्यात दिल्लीतील डासांवरचा प्रकल्प होता, तसेच हे पक्ष्यांचे कामही होते. पक्षी कोणत्या वाटेने जातात आणि विषाणू कसे वाहून नेतात, हे ज्ञान जैविक युद्धाच्या कामी येऊ शकते, ही समितीची चिंता होती. शीतयुद्धाच्या त्या काळात ती निराधार म्हणता येणार नाही. तरी त्यातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या पक्ष्यावर रोग आणल्याचा संशय होता, त्याची तपासणी करणारेच संशयित झाले. आरोप आधी पक्ष्यावर होता. आता तो पक्ष्याच्या पायातील कडीवर आला.

या गदारोळात मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र शांतपणे तयार होत होते. पुण्याच्या केंद्रातील हॅरल्ड ट्रॅपिडो, जॉर्ज बोशेल, पी. के. राजगोपालन आदी संशोधकांनी शिमोग्याच्या रानात वर्षानुवर्षे गोचीड वेचले, उंदीर पकडले, पक्षी तपासले. त्यांतून आणि पुढील अभ्यासांतून जे दिसले ते असे.

माकडताप पसरविणारे मुख्य गोचीड ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ हे आहे. ते दक्षिण आशियाच्या उष्ण रानातले. सैबेरियात ते राहत नाही. सैबेरियाचे गोचीड ‘इक्सोडीस’ कुळातले, थंड अरण्यातले. शिवाय हिशेब कालाचाही आहे. बहुतेक जातींची पिल्ले पक्ष्याच्या अंगावर तीन ते सात दिवस रक्त पितात आणि गळून पडतात. सैबेरियाहून थांबत थांबत येणाऱ्या पक्ष्याचा प्रवास मात्र कित्येक आठवड्यांचा असतो. तिकडे चिकटलेले गोचीड बहुधा वाटेतच गळणार. आणखी एक गोष्ट : आपल्या तलावांवरची बदके पाण्यावर राहतात आणि गोचीड रानाच्या पालापाचोळ्यात, त्यांची गाठ क्वचितच पडते. रानातील ज्या पक्ष्यांवर गोचिडांची पिल्ले सापडली, ते रानकोंबड्यांसारखे जमीन उकरून चरणारे होते, आणि हे पक्षी सैबेरियाला जात नाहीत. ते त्याच रानाचे पिढीजात रहिवासी आहेत. गोचीड या झाडीतून त्या झाडीत नेण्याइतपत त्यांचा वाटा आहे, आणि तो खरा आहे.

मग १९५७ साली काय बदलले होते? बोशेल यांनी दिलेले उत्तर नजर आकाशावरून जमिनीवर आणणारे होते. विषाणू त्या रानात छोट्या प्राण्यांत आणि गोचिडांत आधीपासूनच मुरून राहिलेला असावा. माणसांची संख्या वाढली, रानाच्या कडा तुटून शेते झाली, गुरे रानात चरू लागली. गुरांना माकडताप होत नाही. त्यांच्या रक्तात विषाणू फारसा टिकतही नाही. पण पूर्ण वाढीच्या गोचिडांना गुरांचे रक्त म्हणजे पंगत. जेथे पूर्वी एखादे सांबर अथवा गवा फिरकत असे, तेथे रोज शेकडो गुरे जाऊ लागली आणि गोचीड बेसुमार वाढले. विषाणूची छोटी ठिणगी होती. तिला सरपण आपण पुरविले.

या उत्तराची कठोर परीक्षा १९८३ मध्ये झाली. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी राखीव रान तोडण्यात आले, आणि लगेचच्या हंगामात तेथे माकडतापाची आजवरची सर्वांत मोठी साथ आली. १,५०० हून अधिक माणसे आजारी पडली आणि सुमारे दीडशे दगावली. तेथे सैबेरियाच्या पक्ष्याची वाट पाहावी लागली नाही; कुऱ्हाड पुरेशी झाली. पुढे २०१३ पासून हा ताप निलगिरी व वायनाडकडे दिसला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आला, आणि २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात केर गावी महाराष्ट्रातील पहिले रोगी आढळले. तेथेही डिसेंबर ते मे हा हंगाम काजूच्या बागांत आणि रानाच्या कडेला राबण्याचा. अर्धवाढीच्या गोचिडांच्या सुळसुळाटाचेही महिने तेच. विषाणू नवा की जुना, हा वादही पुढे बराचसा सुटला. सौदी अरेबियात १९९० च्या दशकात सापडलेला अलखुर्मा विषाणू हा माकडतापाच्या विषाणूचा सर्वांत जवळचा नातलग निघाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दोघांची फारकत सुमारे ७०० वर्षांपूर्वी झाली असावी, असे अनुमान काढले. म्हणजे १९५० च्या दशकात कोणा बदकाने तो आणून टाकला, ही कल्पना टिकण्याजोगी राहिली नाही.

येथे थांबून पक्ष्याला संपूर्ण निर्दोष ठरविले, तर तीही दुसऱ्या बाजूची घाई होईल. ‘हायालोमा’ नावाच्या गोचिडांच्या काही जाती पिल्लू व अर्धवाढ या दोन्ही अवस्था एकाच पक्ष्याच्या अंगावर काढतात आणि दोन-तीन आठवडे, क्वचित त्याहून अधिक काळ, त्याच्यावर राहतात. अशी गोचिडे आफ्रिकेतून भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात पोहोचतात, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा पक्ष्यांवरील गोचिडांत अलखुर्मा विषाणूचा अंश सापडला. दूरच्या प्रवासाचा मार्ग बंद नाही. परंतु पाहुणा येणे वेगळे आणि त्याचे बस्तान बसणे वेगळे. आलेल्या गोचिडाला योग्य हवामान, योग्य प्राणी आणि पुरेसे रक्त मिळाले, तरच त्याचा वंश चालतो. ती सोय करणारा यजमान कोण, हा प्रश्न उरतोच.

शहरांचा अनुभवही हेच सांगतो. युरोपातील शहरी बागांत पालापाचोळ्यात किडे शोधणारा काळा कस्तूर पक्षी गोचिडांच्या पिल्लांना रक्त पुरवितो, आणि लाइम रोगाच्या जंतूंचा एक प्रकार त्याच्यात टिकून राहतो. बाग झाडीची, हरीण-उंदरांची आणि फिरायला येणाऱ्या माणसांची. पक्षी त्या साखळीतील एक कडी. मध्य युरोपातील जुन्या इमारतींच्या माळ्यावर राहणाऱ्या कबुतरांचे एक वेगळे गोचीड असते. ते भिंतीच्या फटीत दडते आणि उपाशी राहून वर्षानुवर्षे जगते. तेथे असे अनुभवास आले, की नुसती कबुतरे हाकलली आणि फटी तशाच ठेवल्या, तर भुकेले गोचीड खाली खोल्यांत उतरून झोपलेल्या माणसाला चावते. मुंबईत दादरचा कबुतरखाना २०२५ साली बंद करण्यात आला, तेव्हा पुष्कळ वाद झाला. तेथील मुद्दा गोचिडांचा नव्हता. वाळलेली विष्ठा आणि पिसे यांमुळे होणाऱ्या श्वसनविकारांचा होता, आणि तो गंभीर आहे. पण एका आरोपाचे ओझे दुसऱ्यावर टाकले, की उपायही चुकीच्या जागी पडतो.

आता आपल्या घराकडे वळू. माकडतापाचे रोगी आजवर सह्याद्रीलगतच्या पाच राज्यांत नोंदले गेले आहेत. त्याची धास्ती किरनापुरात पसरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु गोचीड आपल्या परिचयाचे आहे. कोंबड्यांच्या खुराड्याच्या फटीत दिवसा लपून रात्री रक्त पिणारे गोचीड आपल्याकडच्या गृहिणींना ठाऊक आहे; त्याने कोंबड्यांना ताप येतो आणि खुराडी रिकामी होतात. बैलाच्या कानातील आणि गाईच्या सडाजवळील गोचीड काढीत बसणे हे गोठ्यातील जुने काम. कावळा आणि साळुंकी गुराच्या पाठीवर बसून तीच गोचिडे टिपतात, हेही आपण पाहत आलो. म्हणजे पक्षी गोचीड वाहतो तसे खातोही. त्याच्या खात्यावर दोन्ही बाजू मांडायला हव्यात.

आपल्या घराण्यांच्या इतिहासातही एक गोष्ट अशीच दुहेरी आहे. भोसल्यांच्या अमलात आणि १८५४ नंतर इंग्रजी राज्यात मराठी कुटुंबे वैनगंगेच्या या काठी स्थिरावली. १८६७ नंतर भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा, नागपूर तिकडे गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. या मुलखात रान मोडून धानाच्या बांध्या झाल्या, बोड्या खोदल्या गेल्या. भंडाऱ्याकडील कोहळी समाजाच्या तलावबांधणीची कीर्ती तर सर्वश्रुत आहे. पूर्वजांच्या त्या कष्टांवर आपण उभे आहोत. त्याच कष्टांनी रान आणि वस्ती यांची वेसही सरकत गेली. त्या तलावांमुळेच सैबेरियाची बदके येथे उतरतात आणि त्या बांध्यांमुळेच सारस आपल्या शेतात घरटे करतो. सारसाला आपण आपला मानतो, तो स्थलांतर करीत नाही म्हणून. बदकाला पाहुणे म्हणतो, ते मार्चमध्ये निघून जाते म्हणून. पण दोघांनाही आश्रय मिळतो तो आपल्याच पाण्यावर, आणि रोगाला आश्रय मिळतो तोही आपल्याच रानाच्या वेशीवर.

म्हणून या इतिहासाचा बोध आम्हांस व्यवहाराचा वाटतो. रानात माकड अथवा वानर मेलेले दिसले, तर त्याला हात न लावता वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. शिमोग्यात ती पहिली खूण होती. रानातून परतल्यावर अंग, कपडे आणि कानामागची जागा नीट पाहावी. गोचीड चिकटले असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावे, चिरडू नये. गुरांच्या गोचिडांवर पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळीच औषध करावे, खुराड्याच्या आणि गोठ्याच्या फटी लिंपून बुजवाव्यात. रानाच्या कडेला नवी तोड निघेल, तेव्हा लाकडाच्या आणि जमिनीच्या हिशेबात हाही एक रकाना धरावा. यांतील कोणत्याही कामासाठी एकही पक्षी हाकलावा लागत नाही.

दूरदेशीहून येणाऱ्यावर दोष ठेवण्याचा मोह किती स्वाभाविक आहे, हे ज्यांचे पूर्वज एके काळी येथे दूरदेशीहून आले त्या आपल्या घराण्यांना वेगळे सांगायला नको. शिमोग्याच्या रानात पालापाचोळा चाळणाऱ्या संशोधकांनी तो मोह आवरला, आणि म्हणूनच त्यांना रोगाचा माग लागला.